कौल पडेपर्यंतचा वेळ

नंद्या,

तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास होता, असं तुझ्या शोकसभेत मी बोलले. ते खोटं होतं. हातात माइक दिला की माणसं बोलतात, तसं मीही बोलून गेले. समोर पहिल्या रांगेत तुझी आये बसली होती, तिच्याकडे बघून दुसरं काही तोंडातून येईना. पण तू मला ओळखतोस. मी कुणावरच पूर्ण विश्वास ठेवत नाही, आणि तुझ्यावर तर शेवटी शेवटी अजिबातच नव्हता.

मासळीवाली 'ताजी आसा गो' म्हणाली की मी आधी कल्ला उघडून बघते. कंडक्टर 'आता सुटतली' म्हणाला की ड्रायव्हर जागेवर बसलाय का ते बघते. अँथनीने बोटीवरून फोन करून 'तब्येत बरी आहे' म्हटलं की 'आधी व्हिडिओ लाव, तोंड बघू दे' म्हणते. बिचारा नवरा असून त्याचीही सुटका नाही. तू हे सगळं बघून हसायचास आणि म्हणायचास, "लुर्दू, तुझ्या ह्या वायट खोडीचो पगार देणारो मीच एकटो आसंय."

खरंच होतं ते. मालवणच्या कॉलेजातली फिजिक्स शिकवायची नोकरी सोडून मी तुझ्या कंपनीत आले ती ह्याच खोडीच्या जोरावर. तू प्रोग्रॅम लिहायचे आणि मी त्यांच्यावर संशय घ्यायचा, अशी आपली वाटणी होती. प्राची सावंतवाडीहून कामाला आली तेव्हा तिने विचारलं होतं, मॅडम तुमचं पद काय. तू मागून ओरडलास, "संशयप्रमुख!" पोरीने ते खरं समजून आपल्या आईला फोनवर सांगितलं.

आज तू नाहीस, तर ह्या खोडीचं काय करायचं ते मला कळत नाही. ती काही गेलेली नाही. तुझ्या मागेमागे फिरते आहे.

कसालच्या नाक्यावर, खताच्या दुकानाच्या माडीवर आपलं ऑफिस. खाली युरियाचा वास आणि वर क्वांटम कॉम्प्युटरसाठीचं सॉफ्टवेअर. संशय घेणारी मी एकटी कुठे होते? सगळा बाजारच घ्यायचा. जागेचे मालक पाण्याची टाकी बघायचं निमित्त काढून वर यायचे आणि टाकी सोडून आपल्या टेबलांखाली बघायचे. एकदा त्यांनी सरळच विचारलं, "तुमचो तो मोठो कंप्युटर खंय आसा?"

"हयसर नाय, परदेशात आसा," तू म्हणालास. "आमी हयसून तेका प्रश्न इचारतंव."

"मगे तुमी करतास काय?"

"इचारतंव."

संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजाराचं एकमत झालं होतं की वर ऑनलाइन लॉटरी चालते. उरलेल्या अर्ध्याचं म्हणणं, गुरवाचा झील (म्हणजे तू) आणि पाद्र्यांकडची बाई (म्हणजे मी) दार लावून बसतात, तर लॉटरी कशाला असायला हवी. ह्यावर तू इतका हसलास की चहा नाकातून आला. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून दार उघडं ठेवायला लागले आणि युरियाचा वास आत यायला लागला.

पुण्याचे देवधर पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो का? मोठ्या कंपनीचा माणूस, आपली कंपनी विकत घ्यायचा विचार करून आलेला. मी त्यांना गणित दाखवायला बसले होते, तर तू मध्येच लॅपटॉप मिटलास आणि त्यांना तुमच्या देवळात घेऊन गेलास. आबा आत पूजेला होते. तू देवधरांना सांगितलंस, "हे माझे वडील. आमच्या गावात कुणाला काही विचारायचं असलं की देवाला विचारतात. आबा पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे चिकटवतात. उजवीकडचा पडला तर देव हो म्हणाला. डावीकडचा पडला तर नाही म्हणाला. ह्याला कौल म्हणतात."

"आणि कुठलाच पडला नाही तर?" देवधरांनी विचारलं. हुशार माणूस आहे, प्रश्न बरोबर विचारला.

"तर देव गप्प आहे. मग थांबायचं. पुन्हा गाऱ्हाणं घालायचं."

मग तू त्यांना समजावलंस की आपला परदेशातला कॉम्प्युटर असाच आहे. एकच प्रश्न त्याला पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. कधी तो उजवा कौल देतो, कधी डावा. आणि कधी मशीन स्वतःच खूण करतं की ह्या वेळचं उत्तर बिघडलंय, हे धरू नका. तो त्याचा गप्प कौल. तो बाजूला काढायचा आणि पुन्हा विचारायचं. हे बाजूला काढायचं काम करणारा प्रोग्रॅम तू लिहिला होतास. आपण त्याला चाळण म्हणायचो. आणि चाळणीतून उरलेल्या उत्तरांचं पुढे काय करायचं ते ठरवणारं सगळं सॉफ्टवेअर, त्याचं नाव तू 'कौल' ठेवलं होतंस. देवधर एकदम खूश झाले. पाषाणाचा फोटो काढू का म्हणाले, आबांनी नाही म्हटलं.

मला तेव्हाच शंका आली. गोष्ट ऐकून खूश होणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला भरवसा वाटत नाही. त्याला काम आवडलं की गोष्ट आवडली हे त्यालाही ठाऊक नसतं. आणि तुझा तर त्याहून नाही, कारण तुला गोष्ट सांगता येते.

मग ती मासळीच्या गाड्यांची चाचणी. बंदराबंदरांवर उतरलेली मासळी, बर्फ घातलेल्या गाड्या, कुठली गाडी कुठल्या बंदरावरून कुठल्या बाजाराला पाठवली म्हणजे बर्फ वितळायच्या आत माल पोचेल, हे गणित. गाड्या आणि बंदरं वाढवत नेली की साधा कॉम्प्युटर घामाघूम होतो. तू 'कौल' वापरून ते सोडवलंस. उत्तर बरोबर होतं, ते मी चार बाजूंनी तपासलं. पण ते आलं होतं साध्या कॉम्प्युटरच्या किती तरी आधी.

मी आकडे दोनदा बघितले. इतकं चांगलं कसालला काही होत नाही रे. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांतून लोक हे जमावं म्हणून बसलेत, आणि ते खताच्या दुकानाच्या माडीवर जमलं? मी म्हटलं, चाळण माका दाखव.

"सोमवारी दाखवतंय."

"आज कित्या नको?"

"पेटंटाचा काम आसा. वकिलान सांगलेला, आत्ताच कोणाकच दाखव नको म्हणान."

"म्हंजे मी 'कोण' काय रे?"

मी चिडले. मला राग आला की माझी जीभ कशी चालते ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "माका म्हायत आसा तू काय करतस ता. उजवे कौल ठेवतस आणि डावे फेकून देतस."

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, म्हणून प्राचीला ते ऐकू गेलं नाही असं मी अजून समजते. तू टेबलावरचे चहाचे कप गोळा केलेस. ते धुवायचं काम तुझं नव्हतं, तरी बेसिनवर जाऊन धुतलेस. मग पाठमोराच म्हणालास, "माझ्या बापाशीन उभ्या जन्मात कोणाचो डावो कौल लपवूक नाय." आणि बॅग उचलून गेलास.

तो शुक्रवार होता. रविवारी तुझ्या छातीत जळजळायला लागलं, आणि आपल्याकडचा माणूस जे करतो तेच तू केलंस. पित्त झालंय म्हणून आमसुलाचं पाणी प्यायलास आणि पडवीत आडवा झालास. तुला कुडाळच्या इस्पितळात नेईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी पोचले तेव्हा आबा बाकावर बसले होते, मांडीवर तुझ्या चपला. मी आत गेले आणि डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मला ईसीजी बघायचा आहे. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते, पण त्या बाईने पट्टी हातात दिली. सरळ रेघ होती. मी ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितली, जणू कुठे तरी तू चूक केलेली सापडेल. मग बाहेर येऊन आबांच्या शेजारी बसले.

तुझ्या नावाने आमच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली आहे. फादरांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तुझा सोमवार आलाच नाही, आणि तो न आल्यामुळे सगळा घोळ झाला. गावात कुजबुज सुरू झाली. एवढ्या तरुण माणसाला असं कसं झालं? ताण होता म्हणे. कसला ताण? कंपनीत काही भानगड होती म्हणे. पुण्याच्या लोकांना खोटं काही तरी दाखवलं आणि ते आता अंगाशी येणार म्हणून. हे बोलणारी तीच माणसं, जी आधी लॉटरी म्हणत होती. मी चिडायला हवं होतं. पण ती जे बोलत होती तेच मी तुझ्या तोंडावर बोलले होते, तर चिडायचं कुठल्या तोंडाने?

देवधरांचा सांत्वनाचा निरोप आला. चांगलं लिहिलं होतं त्यांनी. शेवटी लिहिलं होतं की कंपनी घ्यायचा त्यांचा विचार अजून कायम आहे, फक्त मासळीच्या गाड्यांची चाचणी खरी आहे असं मी सांगावं. मी. दुसरं कुणी नाही.

त्यावर माझ्या मनात आलं, हा माणूस हे माझ्याच गळ्यात का बांधतोय? उद्या चाचणी खोटी निघाली तर दोष एका मेलेल्या माणसावर आणि एका मालवणच्या बाईवर जावा म्हणून? बघ, तू जाऊन आठवडा झाला नव्हता आणि मी असले हिशेब मांडत बसले होते. पण ते खरंच होतं. मी हो म्हटलं तर ऑफिस चालू राहणार, प्राची कामावर राहणार, तुझं 'कौल' जगात जाणार. आणि मी खोटं हो म्हटलेलं असलं तर कधी ना कधी कोणी तरी उठून म्हणणार, सिंधुदुर्गातला तो गुरवाचा मुलगा, तो फसवा होता.

तुझी आये एवढं काही जाणत नव्हती. पण तिला कुणी तरी घरी येऊन सांगून गेलं होतं की तुझ्या झिलाने पुण्याच्या लोकांना गंडवलं. दिवसांच्या कार्याला मी आले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. विचारत नव्हती. तिला वाटत होतं की मला माहीत आहे आणि मी लपवते आहे. मला तर काहीच माहीत नव्हतं. मी वरण वाढून घेतलं आणि मान खाली घालून जेवले.

आबांनी तुझा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला. ऑफिसात आणला, तर पासवर्ड प्राचीला माहीत! मला नाही, प्राचीला! मी तिच्याकडे असं बघितलं की ती बिचारी रडकुंडीला आली. "मॅडम, सरांनी मागे प्रिंटरसाठी सांगितला होता." प्रिंटरसाठी. बरं.

आम्ही दोघींनी तुझी चाळण ओळ न् ओळ वाचली. नंद्या, मी मनातून देवाची प्रार्थना करत होते की काही सापडू नये, आणि हात मात्र शोधत होते. काही सापडलं नाही. डावा कौल एकही फेकलेला नव्हता. उत्तर काय आलंय हे चाळण बघतच नव्हती. मशीनने स्वतः बिघडलं अशी खूण केलेली उत्तरं तेवढीच बाजूला, बाकी सगळी जशीच्या तशी. इतकं स्वच्छ लिहिलं होतंस. प्राची म्हणाली, "बघा मॅडम, सर प्रामाणिक होते." आणि मला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी जास्तच धास्ती वाटली. चाचणी पुन्हा करून बघितली. पुन्हा तेच, साध्या कॉम्प्युटरच्या किती तरी आधी. मला वाटलं, हा इतका हुशार होता की मला सापडणार नाही अशा जागी लपवून गेला.

एवढा संशय मी जिवंत माणसावरही कधी घेतला नव्हता.

तुमचं सुतक फिटलं आणि आयेने ठरवलं की कंपनी पुण्याच्या लोकांना द्यायची का नाही ते देवाला विचारायचं. मला बोलावणं आलं. मी म्हटलं, "आये, माका कित्याक? मी तुमच्या देवळात येवन काय करू?" तर म्हणाली, "तू तेची कामातली माणूस. तू बसाक होयीच." नाही म्हणणार तरी कसं?

सकाळच्या गाडीने आले. मी सभामंडपात कडेला खांबाला टेकून बसले. आबांनी आंघोळ करून ओल्या पंच्याने पाषाण पुसला आणि कळे लावले. तू गेल्यानंतर त्यांनी लावलेला हा पहिला कौल. एक कळा त्यांच्या हातातून खाली पडला, तो त्यांनी बाजूला ठेवून दुसरा घेतला. गावचे मानकरी असलेल्या गावकारांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, हो तुझो लेकरू नंदकिशोर आज आमच्यात नाय. तेना उभी केलेली कंपनी परक्यांच्या हातात देवची काय नको, ता तू सांग म्हाराजा." आणि सगळे, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. सगळ्यांबरोबर तोंडातून गेलं.

कळे काही पडले नाहीत.

आबांनी पाणी शिंपडलं. पुन्हा गाऱ्हाणं झालं. पुन्हा काही नाही. मग सगळे नुसते बसले. कुणी घाई केली नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. दारातून ऊन आत आलं, माझ्या पायांपर्यंत आलं, मी पाय आखडून घेतले, मग ते तिथूनही सरकलं. बाहेरच्या पायरीवर दोन बायका ओले काजूगर सोलत होत्या, त्यांचं टोपलं संपलं. कुणाची तरी सून चहा घेऊन आली. मी ज्या एसटीने आले ती मालवणला जाऊन परत आली आणि भोंगा वाजवून पुढे गेली. पुन्हा एकदा गाऱ्हाणं झालं. आणि मग, कुणी बघतही नसताना, उजवा कळा घरंगळला.

तुझ्या आयेने दोन्ही हात जोडले. तोंड फुललं होतं तिचं, तू गेल्यापासून पहिल्यांदाच. माझा दंड धरून म्हणाली, "बघलंस गो लुर्दीन? इचारल्या इचारल्या देवान कौल दिल्यान!"

"एका झटक्यात दिल्यान," गावकार म्हणाले. "नंदूची पुण्याईच मोठी."

आबांनीही मान हलवली.

मी सांगणारच होते. अहो कसलं एका झटक्यात, सकाळपासून बसून माझी कंबर मोडली, असं अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी तशीच, तोंड उघडं ठेवून, आयेकडे बघत राहिले.

नंद्या, कुणीही खोटं बोलत नव्हतं. देव गप्प होता तो वेळ तुमच्या घरात कुणी धरतच नाही. तुमच्याकडे प्रश्न विचारला कधी, तर कौल पडला तेव्हा. त्याआधीचं थांबणं हे विचारण्यात येत नाही, ते देवाचं. तू रांगत होतास तेव्हापासून आबांचं हे बघत आलास. तू मशीनच्या चाचणीत घड्याळ लावलंस ते नेमकं आबा लावतील तिथे. उत्तर आलं की तेवढ्या विचारण्याचा वेळ मोजायचा. मशीन गप्प राहिलं, पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प राहिलं, तो सगळा वेळ घड्याळाच्या बाहेर. मी त्या ओळीवरून कितीदा गेले होते. मी डावे कौल शोधत होते, म्हणून मला ती दिसली नाही. पुण्यामुंबईचा कोणी ही चूक करणार नाही, आमच्या माणसांतही कोणी करणार नाही. ती एका गुरवाच्या घरातल्या पोरानेच करावी.

मी देवळातच रडायला लागले. आयेला वाटलं, कौल मिळाला म्हणून. तिने मला जवळ घेतलं.

ऑफिसात जाऊन घड्याळ पहिल्या प्रश्नापासून लावलं. मशीन किती गप्प राहतं ते तेव्हा कळलं. साधा कॉम्प्युटर आरामात पुढे गेला, आपलं 'कौल' मागून धापा टाकत आलं. उत्तर बरोबरच होतं, फक्त उशिरा. प्राची हुंदके देत होती आणि मला हसू येत होतं. मला तुझ्याशी भांडायचं होतं रे. तू काय म्हणाला असतास तेही मला ऐकू येत होतं. "देव गप आसा तेवा तो वेळ आपलो कसो गो, लुर्दू? तो तेचो." आणि मी म्हटलं असतं, बिल आपल्याला येतं ना, मग आपलाच. असं भांडण सोमवारी व्हायचं होतं. दोन दिवस पुरलं असतं. मग तू घड्याळ हलवलं असतंस, आणि आपण पुन्हा कामाला लागलो असतो.

का तुला ते आधीच कळलं होतं? सोमवारपर्यंत तेच दुरुस्त करणार होतास? हा संशय माझा काही गेलेला नाही, आणि आता जाणारही नाही.

देवधर आले. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. चाचणी चुकीची आहे. फसवणूक नाही, पण चूक आहे. वेगाचा दावा सोडा. चाळण मात्र चांगली आहे, ती हवी तर बघा. ते म्हणाले, "मॅडम, नंदकिशोरांनी आम्हाला आकडे पाठवले त्याच दिवशी फोन केला होता. तुम्ही हो म्हणेपर्यंत काही पुढे नेऊ नका, असं स्पष्ट सांगितलं होतं."

मला ते खरं वाटलं नाही. मला बरं वाटावं म्हणून हा माणूस रचून सांगतोय, असंच वाटलं. मी म्हटलं, नक्की काय म्हणाला तो? शब्द सांगा.

देवधरांनी आठवलं आणि आपल्या सदाशिव पेठी जिभेने एक एक शब्द उचलत म्हणाले, "'लुर्दूचो कौल उजवो पडाक होयो, मगेच.' असं काही तरी. मला अर्थ त्यांनी नंतर सांगितला."

पुण्याच्या माणसाला हे रचता येणार नाही. 'पडाक होयो' तर नाहीच नाही.

म्हणजे तू मला चाळण दाखवत नव्हतास, आणि त्याच दिवसांत तिकडे सांगत होतास की मी हो म्हटल्याशिवाय हलू नका. मी तोंडावर तुला चोर म्हटलं तेव्हाही हे सांगितलं नाहीस. कप धुवत बसलास. एवढं एक वाक्य बोलला असतास तर काय बिघडलं असतं? तुला माझा संशय हवा होता, हे मला पुण्याच्या माणसाकडून कळावं? ह्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. आणि त्याच वेळी, माझ्यावर एवढा भरवसा माझ्या सख्ख्या भावांनीही कधी टाकला नव्हता, हेही खरं आहे. ही दोन्ही मला एकदमच वाटतात, त्याला मी काय करू?

देवधर 'विचार करून कळवतो' म्हणाले. पुण्याचं 'विचार करून कळवतो' मला कळतं. जाताना त्यांनी काजू घेतले आणि तुझ्या खुर्चीकडे बघून हात जोडले. ऑफिस चालेल की बंद होईल ते माहीत नाही. देवाने उजवा दिलाय, बघू आता त्यांचा कुठला पडतो.

तिथून सरळ तुझ्या घरी आले. आये खळ्यात मिरच्या वाळत घालत होती. मला बघून उठली नाही. बस म्हणाली नाही. हातातली मिरची हातात ठेवून तिने शेवटी विचारलंच.

"लुर्दीन, खरा सांग. माझ्या झिलान लबाडी केल्यान काय गो?"

"नाय," मी म्हटलं.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला माहीत आहे मी कशी आहे ते, सगळ्या गावाला माहीत आहे. मग तिने पदर डोळ्यांना लावला आणि आत आबांना हाक मारली. "अहो, आयकलात काय? लुर्दीनान सांगल्यान, आपल्या झिलान कायएक लबाडी करूक नाय. इचारल्या इचारल्या सांगल्यान!"

मी तिच्या शेजारी बसले आणि मिरच्या पसरायला लागले. ते 'नाय' म्हणायला मला किती वेळ लागला ते तुला माहीत आहे.